प्लास्टिकच्या कुंपणाचा खर्च: ऐकीव हिशेब आणि खरा हिशेब

सुरतेतल्या भेस्तानच्या रो-हाऊसला पुढे किंवा बाजूला दहा-पंधरा फुटांची माती उरली, की तिथे तुळस, कढीपत्ता, जास्वंद लागतेच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून उधन्याच्या गाडीने येऊन इथे रुजलेल्या घरांत तर भरताच्या वांग्यांची चार रोपंही दिसतात. मग मोकाट गायी येतात, कुत्री माती उकरतात आणि कुंपणाचा विषय निघतो. लोखंड गंजतं, लाकडाला वाळवी लागते, बांबू दोन-चार पावसाळ्यांत कुजतो. तेव्हा कुणीतरी पांढऱ्या पीव्हीसी पट्ट्यांचं कुंपण सुचवतं: एकदा पैसे घाला आणि विसरून जा. हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात लोकांचे पैसे जातात.

‘शंभर वाराची बाग आहे, किती होतील?’

सुरतेत जागा वारात मोजायची सवय, म्हणून कुंपणाची चौकशीही वारातच होते. पण कुंपणाचा खर्च क्षेत्रफळावर नाही, परिघावर ठरतो. शंभर वार म्हणजे ९०० चौरस फूट. बाग ३० बाय ३० असेल तर परीघ १२० फूट, आणि १५ बाय ६० असेल तर १५० फूट. जागा तेवढीच, पण कुंपण पावपट जास्त. रो-हाऊसचे प्लॉट बहुधा अरुंद आणि लांबट असतात, त्यामुळे हा फरक इथे हमखास आडवा येतो. उलट घराची भिंत आणि शेजाऱ्याबरोबरची सामाईक भिंत वजा केली, की पुष्कळदा निम्मंच कुंपण उरतं. आधी टेप लावून उघड्या बाजू तेवढ्या मोजा.

दुसरा घोटाळा दराचा. एक दुकानदार रनिंग फुटाचा भाव सांगतो, दुसरा चौरस फुटाचा. चार फूट उंच कुंपणाचा एक रनिंग फूट म्हणजे चार चौरस फूट. चौरस फुटाचा भाव रनिंग फुटाचा समजून घरी आलात, तर बिल चौपट येईल. त्यावर १८ टक्के जीएसटी धरलाय की नाही, हेही त्याच वेळी विचारावं.

‘हजिऱ्याला प्लास्टिक बनतं, म्हणजे इथे स्वस्तच मिळणार’

हजिऱ्याच्या रिलायन्सच्या कारखान्यात पीव्हीसीचा कच्चा माल बनतो, हे खरं. पण देशाची गरज देशातल्या उत्पादनाहून बरीच मोठी आहे आणि मोठा हिस्सा आयात होतो, त्यामुळे भाव आंतरराष्ट्रीय बाजाराबरोबर हलतो. शिवाय कच्चा माल म्हणजे पट्टी नव्हे. पट्टीच्या किमतीत साचा, रंग, उन्हापासून रक्षण करणारी रसायनं आणि वाहतूक असते. कारखाना वीस-पंचवीस किलोमीटरवर असल्याचा फायदा ग्राहकाच्या बिलात दिसत नाही.

‘सगळं प्लास्टिक सारखंच’

कमी-जास्त कोटेशनचं खरं कारण बहुतेक वेळा इथे असतं. हिरवी एचडीपीई जाळी, लाकडाचा भुसा मिसळलेलं डब्ल्यूपीसी, पुनर्वापराच्या प्लास्टिकचे खांब आणि कडक यूपीव्हीसीच्या पोकळ पट्ट्या, असे चार वेगळे माल एकाच ‘प्लास्टिक फेन्सिंग’ नावाखाली विकले जातात. जाळी सर्वांत स्वस्त, पण ती आडोसा आहे. गायीने अंग घासलं तर ती खांबासकट वाकते.

यूपीव्हीसी उन्हात वितळेल, अशी भीतीही ऐकू येते. ते साधारण ७५ ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. एप्रिल-मेमध्ये हवा चाळिशीच्या वर जाते तेव्हाही पांढरी पट्टी तिथवर तापत नाही. गडद रंगाची मात्र बरीच जास्त तापते आणि वाकू शकते. आपल्याकडे पांढरा किंवा फिका रंग घ्यावा, तो याचसाठी. खरा शत्रू आहे अतिनील किरण. त्याला अडवायला मालात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. हे महाग द्रव्य असल्याने हलक्या मालात पहिली काटकसर त्यातच होते. असली पट्टी आधी पिवळी पडते, मग हातावर पांढरी भुकटी येते, आणि पुढे मुलांचा चेंडू लागला तरी तडकते. घरच्या पाण्याच्या पाइपाचा तुकडा उन्हात टाकून ठेवला की काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. अमेरिकेत या कुंपणाच्या पट्ट्यांसाठी एएसटीएम एफ ९६४ असं स्वतंत्र मानक आहे. विक्रेत्याला मानक आणि भिंतीची जाडी विचारा. जाडी मिलिमीटरमध्ये सांगता येत नसेल, तर पुढचा भाव ऐकण्यात अर्थ नाही.

बागेत भाजी लावत असाल तर आणखी एक विचारा: पीव्हीसी टिकवायला शिसं वापरलंय का? पाइप आणि फिटिंगमधून शिसं हटवण्याचे नियम केंद्राने २०२१ मध्ये काढले. ते कुंपणाच्या पट्ट्यांना लागू नाहीत. कॅल्शियम-झिंक वापरलेला माल मिळतो, तोच घ्यावा. आणि उरलेले तुकडे पालापाचोळ्याबरोबर कधीही पेटवू नयेत. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो, आणि जळताना त्याचा हायड्रोजन क्लोराइड वायू होतो. दमेकऱ्याला तो धूर फार वाईट.

‘पट्ट्यांचा भाव म्हणजेच कुंपणाचा भाव’

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हा. पट्ट्या डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांचीच घासाघीस होते. कुंपण उभं राहतं ते खांबांवर आणि खांब खड्ड्यावर.

उदाहरण घेऊ. साठ फूट कुंपण, चार फूट उंची, सहा-सहा फुटांवर खांब: दहा गाळे, अकरा खांब. गेटसाठी आणखी एक धरा, बारा झाले. कोपऱ्याचे आणि गेटचे खांब साध्या खांबांपेक्षा महाग, कारण आत लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची नळी घालावी लागते. पोकळ पीव्हीसीला गेटची बिजागरी पेलत नाही. वर टोप्या, कड्या, स्क्रू, कापाकापीत वाया जाणारा माल, टेम्पोचं भाडं आणि मजुरी. पट्ट्यांच्या भावात यातलं काही नसतं.

आता खड्डे. दक्षिण गुजरातची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. जेमतेम फूटभर खोल रोवलेला खांब तिच्या या हालचालीत दोन पावसाळ्यांत तिरका होतो. चार फुटी कुंपणाला अशा मातीत अडीच फूट खोली हवी. दहा इंच रुंद, अडीच फूट खोल असे बारा खड्डे १:२:४ च्या काँक्रीटने भरायला सिमेंट किती लागेल? साधारण तीन गोण्या. त्यातही २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. म्हणजे ज्या कामावर सगळ्या कुंपणाचं आयुष्य ठरतं, त्याचा माल एकूण खर्चात अगदी थोडा. तरी कोटेशन खाली आणायचं म्हटलं की कडिया (गवंडी) पहिली कात्री खोलीलाच लावतो, आणि मालकाला ते दिसत नाही, कारण वर माती येते. काँक्रीट ओतायच्या आधी प्रत्येक खड्ड्यात काठी घालून खोली स्वतः मोजा, हे मी आग्रहाने सांगेन. काँक्रीटचा माथा थोडा उतरता ठेवायला सांगा, म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. आणि खणण्याआधी गॅसची पाइपलाइन आणि ड्रेनेज कुठून जातं ते नक्की करा. घरोघरी पाइपचा गॅस असलेल्या शहरात हे विसरणं जिवावर बेतू शकतं.

पट्टी खांबात घट्ट बसवणं हीसुद्धा चूकच. हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत पट्टीच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर सहा फुटी पट्टी जवळजवळ पाच मिलिमीटर वाढते. खाचेत तेवढी जागा नसेल तर ती कमान होऊन फुगते. लोखंड-लाकडाची सवय असलेला कारागीर नेमकं हेच करतो.

‘बंद कुंपण जास्त मजबूत’

आडोशासाठी सहा फुटी, फटी नसलेली पॅनेल घेण्याकडे ओढा असतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात सहा बाय सहाच्या अशा एका पॅनेलवर साधारण ८० किलोचा दाब येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गुजरातच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा वाऱ्याचा जोर सगळ्यांनी अनुभवला. खाडीचं पाणी शिरणाऱ्या वस्त्यांत तर बंद पॅनेल पाणी अडवतं आणि आडवं होतं. फटी ठेवलेली चार फुटी पट्टी इथे स्वस्तही पडते आणि टिकतेही.

‘देखभाल शून्य’

रंग द्यावा लागत नाही, एवढंच खरं. पावसाळ्यानंतर सावलीच्या बाजूला शेवाळ चढतं. पांडेसरा-सचिनच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पांढऱ्या पट्टीवर काजळीही बसते. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. थिनर लावला तर पृष्ठभागच खराब होतो. तडकलेली पट्टी जोडता येत नाही, बदलावीच लागते. म्हणून त्याच मालाच्या चार-पाच पट्ट्या आणि दोन टोप्या सुरुवातीलाच जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात. साचा बदलला की पुढे तसं माप मिळत नाही.

मग परवडतं का? एक सोपा हिशेब करा. समजा, जाळीच्या लोखंडी कुंपणापेक्षा पीव्हीसी १८,००० रुपयांनी महाग पडतंय, आणि लोखंडाच्या रंगकामाला दर तीन वर्षांनी ४,५०० रुपये जातात. म्हणजे वर्षाला १,५०० वाचले, आणि जादा पैसे फिटायला १२ वर्षं लागली. हे आकडे उदाहरणापुरते. तुमच्या कोटेशनचे आकडे तिथे घाला. गॅरंटी पाचच वर्षांची असेल तर खर्चाच्या नावाखाली हा सौदा पटवून घेऊ नका. पांढरं कुंपण आवडतं म्हणून घेतलं, तर ते पुरेसं कारण आहे. गॅरंटीच्या कागदावर पिवळेपणा आणि तडे दोन्ही लिहिलेत का, आणि बदलीची मजुरी कुणाची, हे मात्र वाचा.

कुंपण घातलं की हद्द पक्की झाली, असंही मानलं जातं. तसं होत नाही. हद्द मोजणीच्या नकाशावरून ठरते. सोसायटीच्या कॉमन प्लॉटकडची बाजू असेल तर आधी सोसायटीचं लेखी घ्या, नाहीतर काढायचा खर्चही तुमचाच.

काम कधी काढायचं, तर डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात काळी माती दगडासारखी कडक होते, भेगांमुळे खड्डा सरळ पडत नाही आणि खणणावळ वाढते. जूननंतर खड्ड्यात पाणी भरतं. हिवाळ्यात माती ओलसर पण धरून राहणारी असते, आणि काँक्रीटवर सात दिवस पाणी मारायला ऊनही सौम्य असतं. पट्ट्या त्यानंतरच चढवाव्यात.