स्क्रूजही जिम कॅरी, भुतंही जिम कॅरी! २००९ च्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये हे जमलं कसं?

चार्ल्स डिकन्स यांची 'अ ख्रिसमस कॅरल' १८४३ च्या डिसेंबरमध्ये प्रकाशित झाली. ख्रिसमसच्या आदल्या रात्री कंजूष स्क्रूजला भुतं भेटतात आणि तो बदलतो, अशी ही गोष्ट. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी २००९ मध्ये डिस्नेसाठी ती संगणकावर उभी केली.

तंत्र काय?

याला 'परफॉर्मन्स कॅप्चर' म्हणतात. कलाकाराच्या अंगावर आणि चेहऱ्यावर लावलेल्या खुणांची हालचाल कॅमेरे टिपतात. तीच हालचाल संगणकातल्या पात्राला दिली जाते. त्यामुळे वय किंवा उंची आड येत नाही. म्हणूनच जिम कॅरी यांनी स्क्रूज आणि ख्रिसमसची तिन्ही भुतं साकारली. गॅरी ओल्डमन यांनी कारकून बॉब क्रॅचिट आणि मार्लेचं भूत रंगवलं.

मग खटकलं काय?

चेहरा जवळजवळ माणसासारखा दिसतो, पण पुरता नाही, तेव्हा पाहणारा अस्वस्थ होतो. जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलेली ही कल्पना 'अनकॅनी व्हॅली' म्हणून ओळखली जाते. भुताला ते शोभतं. पण क्रॅचिटचा आजारी मुलगा टायनी टिम पाहून प्रेक्षकाच्या पोटात कालवलं नाही, तर स्क्रूजचं बदलणंही पटत नाही.

पुढे काय झालं?

चित्रपटाने जगभरात ३० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. तरीही मार्च २०१० मध्ये डिस्नेने 'इमेजमूव्हर्स डिजिटल' हा स्टुडिओ बंद करण्याची घोषणा केली. तंत्र मात्र टिकलं. २००९ च्याच डिसेंबरमध्ये आलेल्या 'अवतार'ने ते निळ्या परग्रहवासीयांसाठी वापरलं. तिथे चेहरा हुबेहूब माणसाचा असण्याची गरजच नव्हती.