उपनगराची ओळख

गिरगांव-दादरचें बिऱ्हाड हलवून उपनगरांत गेलेल्या कुटुंबाची पहिली तक्रार बहुधा एकच असते : ‘येथें आपल्या ओळखीचें कोणी नाहीं.’ नोकरदार मंडळी सकाळच्या गाडीनें जातात व रात्रीं परततात. त्यांना स्टेशनचा जिना तेवढा ठाऊक. एकटेपण येतें तें दिवसभर घरीं राहणाऱ्या आजी-आजोबांच्या व सुनेच्या वांट्याला. त्यांच्यासाठीं आम्ही विलेपार्ल्याच्या पूर्व भागाचें उदाहरण घेतों.

लोकमान्य टिळक १९२० सालीं निवर्तले. पुढल्याच वर्षीं येथें पार्ले टिळक विद्यालय निघालें, आणि १९२३ त लोकमान्य सेवा संघ. पार्ल्याचा प्रसिद्ध गोळ्या-बिस्किटांचा कारखाना त्यानंतरचा, १९२९ चा. आधीं शाळा, मग सेवासंस्था, मग कारखाना, हा क्रम आम्हांस मोठा बोलका वाटतो. (कारखाना २०१६ त बंद झाला, त्याचा खरपूस वास मात्र जुने पार्लेकर अजून आठवतात.) पु. ल. देशपांडे याच विद्यालयाचे विद्यार्थी.

सेवा संघाचें ग्रंथालय आहे. नव्या बिऱ्हाडानें पहिल्या आठवड्यांतच तेथें जाऊन वर्गणी भरावी, असें आम्ही आग्रहानें सुचवितों. विश्वासू डॉक्टर कोण, औषधांचें दुकान रात्रीं कोठें उघडें असतें, पोळ्या करावयास चांगली बाई कोठें मिळेल, हें पुस्तक बदलावयास आलेल्या चार माणसांकडून जितकें खरें कळतें, तितकें जाहिरातींवरून कळत नाहीं.

सरकारी कामांची माहिती थोडक्यांत पुरे. पालिकेचें के-पूर्व विभाग कार्यालय अंधेरीस आहे. तक्रारीसाठीं १९१६ हा दूरध्वनि क्रमांक. शहरांतून आलेल्यांची एक फसगत मात्र ठरलेली : दारावरून बेस्टची बस जाते, तेव्हां वीजहि बेस्टचीच असणार असें ते धरून चालतात. बेस्टची वीज माहीम-शीवपर्यंतच. पुढें वीजकंपनी निराळी, तेव्हां बिलावरील नांव आधीं वाचावें.

आतां घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंति. आजोबांना बागेतल्या बांकावर चार सोबती आपोआप भेटतात. सुनेला स्वयंपाकघरांत कोण भेटणार? संध्याकाळचा एक तास तिला मोकळा द्यावा आणि ग्रंथालयाची वर्गणी तिच्या नांवानें निराळी भरावी. सासऱ्यांच्या नांवावर आणलेलें पुस्तक बहुधा सासऱ्यांच्याच आवडीचें असतें.