टोल्याचं गणित – भाग ७ : उलट्या फिरकीची करामत

मागच्या भागात आपण चेंडू ड्रायव्हरवरून सुटतानाचा वेग पाहिला. क्लबहेडच्या वेगाच्या फार तर दीडपट वेग चेंडूला मिळतो. त्यापुढे मजल जात नाही, कारण पात्याने किती उसळी द्यावी यावर नियमाचाच लगाम आहे. मग दोघांचे चेंडू अगदी सारख्या वेगाने सुटूनही एकाचा २२० यार्डांवर टेकतो आणि दुसऱ्याचा १९५ वरच बसकण मारतो, हे कसं? रोलचा हिशोब इथे धरायचा नाही. आपला विषय आहे कॅरी, म्हणजे चेंडूने हवेतून मारलेला पल्ला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कोड्याने एडिंबरो विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना पछाडलं होतं. त्यांचं नाव पीटर गथ्री टेट. हाडाचे पदार्थवैज्ञानिक आणि तितकेच हाडाचे गोल्फवेडे. त्यांना खटकत होती ती चेंडूची वाट. चांगला मारलेला चेंडू सहा-साडेसहा सेकंद हवेत राहतो आणि सुरुवातीला बराच वेळ जवळजवळ सरळ रेषेत जातो. गुरुत्वाकर्षण पहिल्या क्षणापासून खाली ओढत असताना तो वाकत का नाही? काहीतरी त्याला वर उचलून धरत असणार, हे उघड होतं.

इथे एक किस्सा नेहमी सांगितला जातो. टेट यांनी गणित मांडून सिद्ध केलं, की चेंडू १९० यार्डांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. आणि त्यांच्या मुलाने, फ्रेडीने, २५० यार्डांची कॅरी मारून वडिलांना खोटं पाडलं. फ्रेडी साधासुधा खेळाडू नव्हता. पुढे १८९६ आणि १८९८ अशी दोनदा त्याने ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. जानेवारी १८९३ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या तेराव्या होलवर त्याने मारलेला तो टोला खरा आहे. गोठलेल्या जमिनीवर घरंगळत चेंडू एकूण ३४१ यार्डांवर थांबला. पण किश्शात प्राध्यापकांवर अन्याय होतो. त्यांचं गणित न फिरणाऱ्या चेंडूचं होतं, आणि फिरकीचा संशय त्यांना त्याआधीच आला होता.

संशयाची शहानिशा त्यांनी ज्या रीतीने केली, ती मला त्यांच्या सगळ्या समीकरणांपेक्षा जास्त आवडते. चेंडूला एक लांब फीत बांधायची, तिचं दुसरं टोक पक्कं करायचं, फीत पीळ न पडता सैल सोडायची आणि समोर ओल्या मातीचा ढीग रचून त्यात चेंडू हाणायचा. मग फितीला पडलेले पीळ मोजायचे. तेवढ्या अंतरात चेंडू किती वेळा फिरला, याचं उत्तर हातात! ना कॅमेरा, ना रडार.

आता या फिरकीने होतं काय? ड्रायव्हरचं पातं किंचित मागे कललेलं असतं. त्याला आपण लॉफ्ट म्हणतो. त्यामुळे चेंडू पुढे जाताना उलटा फिरतो. वरची बाजू हवेला आपल्याबरोबर मागे ओढते, चेंडूला वळसा घालून जाणारा प्रवाह खालच्या दिशेने ढकलला जातो आणि त्याची परतफेड म्हणून हवा चेंडूला वर लोटते. चेंडूवरचे खळगे याच कामात मदत करतात. ते हवेला पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहायला लावतात आणि चेंडूमागची खळबळ अरुंद होते. खळगे नसलेला गुळगुळीत चेंडू साधारण निम्म्या अंतरातच दम टाकतो. गटापर्चाच्या जमान्यातल्या खेळाडूंना हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण ओरखडे पडलेला जुना चेंडू नव्याकोऱ्यापेक्षा लांब जातो, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. मग नवे चेंडूही मुद्दाम हातोडीने ठोकले जाऊ लागले.

मात्र फिरकी जास्त म्हणजे पल्ला जास्त, असा अर्थ कोणी काढू नये. फिरकी वाढली की हवेचा अवरोधही वाढतो. चेंडू फुग्यासारखा वर चढतो, शिखरावर थकतो आणि जवळजवळ सरळ खाली येतो. हौशी खेळाडूंचं दुखणं बहुतेकदा हेच असतं. ते ड्रायव्हरनेही आयर्नसारखा वरून खाली घाव घालतात. चेंडू कमी कोनात सुटतो आणि फिरकी मात्र वारेमाप. ताशी ९० मैलांच्या स्विंगला साधारण १३ ते १५ अंशांचा सुटण्याचा कोन आणि मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे, हा मेळ चांगला बसतो. तेव्हा टी उंच ठेवा, इतकी की ड्रायव्हर जमिनीवर टेकवल्यावर अर्धा चेंडू त्याच्या वरच्या कडेपलीकडे दिसावा. उजव्या हाताच्या खेळाडूने चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत घ्यावा. क्लब वर येऊ लागताना चेंडू गाठला, तर तोच वेग दहा-पंधरा यार्ड जास्त देतो.

आणि एक काम घरबसल्या सुचलं तरी रेंजवरच करायचं. पात्यावर पावडरचा पातळ थर द्या आणि चेंडू मारा. पांढऱ्यावर खळग्यांचा गोल ठसा उमटेल. तो मध्याच्या किंचित वर असेल, तर चेंडू उंच सुटतो आणि फिरकी घटते. मध्याच्या खाली असेल, तर नेमकं उलट. टाचेकडे किंवा टोकाकडे सरकला असेल, तर वेगच गळतो. नव्या ड्रायव्हरवर पैसे ओतण्याआधी हा ठसा पाहावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हवेबद्दल एक गैरसमज जाता जाता खोडतो. चेंबूरच्या कोर्सवर चेंडू कमी जातो त्याचा दोष दमटपणाला दिला जातो, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा उलट किंचित विरळ असते. खरा फरक उंचीचा. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर वर. तिथे २०० यार्डांच्या टोल्याला जेमतेम चार यार्डांचं बक्षीस मिळतं. मेक्सिको सिटीत, २२४० मीटरवर, हेच बक्षीस दहा टक्क्यांच्या घरात जातं.

पुढच्या आठवड्यात वारा : समोरून येणारा वारा जितकं हिरावून घेतो, तितकं पाठीमागचा वारा परत का देत नाही. तोवर पावडरच्या ठशांचे फोटो काढून ठेवा, त्या भागात ते लागतील.