वर्षाला ८ लाख घास

मँडरिन मासा जेमतेम सहा-सात सेंटिमीटरांचा. अंगावर निळ्या-नारिंगी नागमोडी रेषा. बहुतेक प्राण्यांचा निळा रंग ही निव्वळ प्रकाशाची करामत असते. या माशाच्या कातडीत मात्र खरोखरचं निळं रंगद्रव्य असतं, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. पश्चिम पॅसिफिकच्या प्रवाळांतला हा मासा घरच्या टँकमध्ये आला की दिवसभर एकच काम करतो. कपारीपाशी थांबतो, डोळे फिरवून खडक न्याहाळतो, तोंड झटकन पुढे काढून काहीतरी टिपतो, थोडा सरकतो, पुन्हा थांबतो. दिवे मालवेपर्यंत हेच. तो जे टिपतो ते कोपेपॉड, कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले अतिसूक्ष्म जीव.

आता हिशेब मांडू. मिनिटाला ३ कोपेपॉड टिपले असं धरू आणि टँकचे दिवे १२ तास चालू असतात असं समजू. दिवसाचे झाले २,१६०. महिन्याचे ६४,८००. वर्षाचे ७,८८,४००. एका चिमुकल्या माशाचे वर्षाला जवळजवळ ८ लाख घास!

दुकानात जिवंत कोपेपॉडची बाटली मिळते. तिच्यात असतात काही हजार. म्हणजे एक बाटली दोन-तीन दिवसांची बेगमी. कोरडं खाद्य बहुतेक मँडरिन अन्न म्हणून ओळखतच नाहीत. त्यामुळे नव्या, लहान टँकमध्ये सोडलेला मँडरिन पहिले काही आठवडे छान दिसतो, मग त्याचं पोट खपाटीला जातं आणि एक दिवस तो मरतो. पाणी स्वच्छ असतं, तापमान बरोबर असतं. चुकलेली असते ती फक्त संख्या.

हा घास आहे तरी केवढा? टँकमधला नेहमीचा कोपेपॉड म्हणजे टिस्बी. मोठा झाला तरी राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान. दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्च काचेवर धरली तर पांढुरके ठिपके दिसतात. क्षणभर स्तब्ध, मग तुरुतुरु धाव, पुन्हा स्तब्ध. भिंग लावलं की टपोऱ्या थेंबासारखं निमुळतं होत गेलेलं शरीर, कपाळावर एकच डोळा आणि मादीच्या पोटाखाली अंड्यांची पिशवी दिसते. एक मिलिमीटर लांब आणि पाव मिलिमीटर जाड कोपेपॉड धरला, तर एक ग्रॅम वजन भरायला सुमारे २० हजार लागतात. याचा अर्थ मँडरिनचं वर्षभराचं सगळं खाणं ४० ग्रॅमच्या आत बसतं. माशाची भूक लहानच आहे. घास इतके बारीक असल्यामुळे त्यांची संख्या डोळे फिरवते.

घास बारीक असला तरी सहज हाती लागत नाही. शत्रूच्या हालचालीने पाणी किंचित हललं की दोन-तीन मिलिसेकंदांत कोपेपॉड उडी घेतो. काही जातींचा त्या उडीतला वेग सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या ५०० पट भरतो. पावणेसहा फुटी माणूस या हिशेबाने पळाला तर तासाला ३,००० किलोमीटरच्या वर जाईल, आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने. अटलांटिकच्या किनाऱ्यावरचा बुटका समुद्रघोडा तरीही त्याला गाठतो. त्याच्या डोक्याचा आकारच असा, की नाकाडासमोरचं पाणी जवळपास ढवळत नाही. तो हळूच एक मिलिमीटरवर येतो आणि एका मिलिसेकंदाच्या आत घास ओढून घेतो. शांत पाण्यात त्याचे दहापैकी नऊ प्रयत्न यशस्वी होतात, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

इतके खाल्ले जाऊनही कोपेपॉड पुरून उरतात, कारण त्यांची वाढ गुणाकाराने होते. टिस्बीची एक पिढी उबदार पाण्यात साधारण दोन आठवड्यांत तयार होते. मादी एकदाच्या मीलनावर अंड्यांच्या अनेक पिशव्या भरते. एका मादीची ५० पिल्लं जगली आणि त्यांतल्या निम्म्या माद्या निघाल्या असं धरू. दुसऱ्या आठवड्याअखेर २५ माद्या. चौथ्याअखेर ६२५. सहाव्याअखेर १५,६२५. आठव्याअखेर ३,९०,६२५. दहाव्याअखेर ९७,६५,६२५. अडीच महिन्यांत एकीच्या जवळपास कोटी! टँकमध्ये असं घडत नाही, कारण शेवाळ संपतं, जागा संपते आणि खाणारे टपलेले असतात. पण दोन-तीन बाटल्यांची सुरुवात दमदार वसाहतीत बदलते ती याच गणिताच्या जोरावर.

वसाहत केवढी हवी? रोज दहावा हिस्सा खाल्ला गेला तरी तूट भरून निघते असं मानलं, तर २,१६० च्या रोजच्या खर्चासाठी किमान २१,६०० कोपेपॉड कायम हवेत. ३०० लिटरच्या टँकमध्ये हे प्रमाण लिटरमागे ७२ पडतं. समुद्राची सरासरी याच्या कितीतरी खाली आहे. समुद्रातल्या कोपेपॉडांची मोजदाद करताना आर्थर ह्यूम्स या शास्त्रज्ञाने १९९४ साली लिटरमागे एक एवढंच प्रमाण धरलं होतं.

तेवढ्यानेही आकडा कुठे गेला पाहा. महासागरांत सुमारे १३० कोटी घन किलोमीटर पाणी आहे आणि एका घन किलोमीटरमध्ये १ लाख कोटी लिटर. लिटरमागे एक धरला तर १ वर २१ शून्यं, आणि त्याला वर १.३ ने गुणायचं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं परार्धापाशी थांबतात, परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. कोपेपॉड असे १३,००० परार्ध आहेत. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला सुमारे १६,००० कोटी.

या संख्येवर समुद्रातला केवढा संसार उभा आहे! उत्तर अटलांटिकमधला राइट देवमासा दिवसाला टनाहून जास्त कोपेपॉड गाळून खातो. त्याच्या आवडत्या जातीचा एक जीव साधारण मिलिग्रॅमभराचा, म्हणजे टनात झाले १०० कोटी. कोकणच्या किनाऱ्यावरचा बांगडा कल्ल्यांतल्या दाट काट्यांच्या चाळणीने प्लवक गाळतो, त्यातही कोपेपॉड भरपूर असतात. आपल्या ताटातल्या कालवणापर्यंत ही साखळी येते.

साखळीचं सगळ्यात नाजूक टोक म्हणजे माशांची पिल्लं. प्रवाळांतल्या अनेक माशांचं नुकतं जन्मलेलं पिल्लू इतकं इवलं असतं, की माशांच्या पिल्लांना नेहमी दिल्या जाणाऱ्या आर्टेमिया या जीवाचं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं पिल्लूही त्याच्या तोंडात मावत नाही. पार्व्होकॅलॅनस या कोपेपॉडची पिल्लं मात्र सुमारे ०.०७ मिलिमीटरची असतात. ती पुरेशा संख्येने वाढवता आली म्हणून हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटला २०१५ साली पिवळा टँग आणि फ्लोरिडा विद्यापीठाला २०१६ साली निळा टँग पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवता आला. तोवर दुकानातला यांपैकी प्रत्येक मासा समुद्रातून पकडलेला होता. कोपेपॉडच्या एका पिल्लाच्या आकाराने प्रवाळांवरचा हा भार हलका करण्याची वाट उघडली.

भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ते घरी ठेवणं गुन्हा आहे. रीफ टँकचा, म्हणजे घरी जिवंत प्रवाळांचा टँक ठेवण्याचा छंद मुख्यतः अमेरिका, युरोप, जपानमधला. तिथे राहणाऱ्या, या छंदात पडलेल्या मराठी माणसांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी कोपेपॉड, मग मासा. मुख्य टँकला जोडून रेफ्युजियम करा, म्हणजे शेवाळाने भरलेली अशी वेगळी टाकी, जिथे मासा पोहोचत नाही. भरपूर सच्छिद्र खडक ठेवा. कोपेपॉड सोडा, त्यांचं खाद्य असलेलं सूक्ष्म शेवाळ म्हणजे फायटोप्लँक्टन घालत राहा आणि काही महिने थांबा. रात्री टॉर्च मारल्यावर पंजाएवढ्या काचेवर सहज डझनभर ठिपके धावताना दिसले, तेही आठवडेच्या आठवडे, तरच मँडरिनचा विचार करा.

ठिपके वाढत नसतील तर त्या टँकसाठी दुसरा मासा निवडा. क्लाउनफिश कोरडं खाद्य आनंदाने खातो. वर्षाला ८ लाख घास देण्याची सोय नसताना मँडरिन विकत घेणं म्हणजे पैसे मोजून एका जिवाची उपासमार करणं, आणि ते कुणीही करू नये.