चिकणमाती आणि शाळेची परसबाग : माती खराब नाही, वेळ चुकते!



आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांमध्ये परसबागेबद्दल एकच वाक्य ऐकू येतं. "आमच्याकडची माती चिकण आहे हो, धानाशिवाय काही होत नाही." मुलंही तेच ऐकतात आणि आपल्या गावची माती वाईट आहे असं धरून चालतात. पण त्याच मातीत आपल्या घरामागच्या वाडीत वांगी, पोपट, सांभार पिकतोच ना? मग शाळेतच का जमत नाही? आज हे नीट समजून घेऊया.

चिकणमाती म्हणजे नेमकं काय?

माती तीन प्रकारच्या कणांची असते. मोठे कण रेतीचे, मधले गाळाचे आणि सगळ्यात बारीक चिकणमातीचे. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. रेतीचा कण साधारण गोलसर, तर चिकणमातीचा कण पत्त्यासारखा चपटा. ओले पत्ते एकमेकांना कसे चिकटतात, तसेच हे कण चिकटतात.

कण इतके बारीक असल्यामुळे त्यांचा पृष्ठभाग प्रचंड होतो. फुगणाऱ्या काळ्या चिकणमातीच्या फक्त एक ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असू शकतो, म्हणजे आपल्या कित्येक वर्गखोल्यांच्या फरशीएवढा! या पृष्ठभागावर पाणी, कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम धरून ठेवलं जातं. म्हणून चिकणमाती सुपीक असते. रेताड जमिनीत दिलेलं खत पावसाबरोबर खाली निघून जातं, चिकणमातीत ते टिकतं.

आपल्या जुन्या लोकांनी मातीला नावंही दिली आहेत. कन्हार म्हणजे काळी, भारी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. मोरंड तिच्यापेक्षा थोडी हलकी. बरड म्हणजे मुरमाड. मुलांना आजी-आजोबांकडून ही नावं विचारून यायला सांगा. अर्धा पाठ तिथंच होतो.

धानाला चालतं, वांग्याला का नाही?

हा या विषयाचा गाभा आहे. बांधीत आपण मुद्दाम चिखलणी करतो. चिखल केला की मातीतली लहान-मोठी ढेकळं मोडतात, पोकळ्या बुजतात आणि पाणी खाली मुरत नाही. धानाला हेच हवं असतं, कारण धानाच्या खोडात आणि मुळांत हवेच्या नळ्या असतात. पानांकडून हवा मुळांपर्यंत पोहोचते. म्हणून धान पाण्यात उभा राहू शकतो.

वांगी, भेदरे, मिरची यांच्याकडे अशी सोय नाही. त्यांची मुळं मातीतल्या पोकळीतली हवा घेतात. पोकळ्या पाण्यानं भरल्या की मूळ गुदमरतं, सडतं, पानं पिवळी पडतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो!

थोडक्यात, भाजीच्या वाफ्यात आपल्याला चिखलणीच्या अगदी उलट काम करायचं आहे.

आपली माती ओळखण्याच्या दोन सोप्या कृती

*१. पट्टीची कृती :* मूठभर माती भिजवून मळा. अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी बाहेर ढकला. पट्टी अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर माती हलकी किंवा मध्यम. पाच सेंटीमीटरपेक्षा लांब गेली तर भारी चिकणमाती.

*२. बाटलीची कृती :* पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती घ्या. वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून जोरात हलवा. मग बाटली जागची हलवू नका. रेती एक-दोन मिनिटांत खाली बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलांना पट्टीनं थर मोजू द्या. एकूण थर १० सेंटीमीटर आणि वरचा थर ५ सेंटीमीटर असेल, तर चिकणमाती साधारण अर्धी. परिसर अभ्यास आणि अपूर्णांक एकाच तासात!

वापसा : मराठीतला सोन्यासारखा शब्द

माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, नांगर किंवा कुदळ चालवायला अगदी योग्य, या अवस्थेला शेतकरी वापसा म्हणतात. मुलांनी तो असा ओळखायचा : मुठीत माती दाबून गोळा करा, मग त्याला अंगठ्यानं टोचा. गोळा भुसभुशीत होऊन फुटला तर वापसा आहे. बोट नुसतं रुतलं तर थांबा. गोळाच होत नसेल, माती दगडासारखी असेल, तर हलकं पाणी देऊन तीन-चार दिवस वाट बघा.

ओल्या चिकणमातीत कुदळ मारली की नकळत चिखलणीच होते. वाळल्यावर त्याच्या विटा बनतात.

आता शाळेचं गणित बघा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात. तोपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो. मग उत्साहानं पहिल्याच आठवड्यात पन्नास मुलं चिखलात उतरतात, माती तुडवली जाते आणि ऑगस्टमध्ये रोपं मरतात. दोष मातीचा नसतो, वेळेचा असतो.

मग काय करायचं?

दिवाळीनंतर : पाऊस थांबला, वापसा आला की गादी वाफे करा. रुंदी ३ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी मुलांचा हात मधोमध पोहोचतो. उंची ८-९ इंच. मध्ये दीड फुटाची वाट. नियम एकच : वाफ्यावर पाय ठेवायचा नाही.

खत : चांगलं कुजलेलं शेणखत २ इंच जाडीचं पसरून वरच्या मातीत मिसळा. १० बाय ३ फुटांच्या वाफ्याला ५ घनफूट, म्हणजे साधारण १२ ते १५ घमेली. सेंद्रिय पदार्थामुळे बारीक कण एकत्र येऊन रवाळ होतात, त्यांच्यामध्ये पोकळ्या तयार होतात. गांडुळं हे काम फुकटात करतात.

एप्रिलमध्ये : सुट्टी लागण्याआधी वाफ्यावर तणस आणि पालापाचोळा जाड अंथरा. भेगा कमी पडतात, पहिल्या पावसाचा मारही मातीला बसत नाही.

जुलैमध्ये : खोदकाम अजिबात नाही. तणस बाजूला सारून रोप लावायचं, बस! वाटेतलं पाणी बाहेर जायला उतार मात्र ठेवा.

हे टाळा

*रेती मिसळणे :* थोडी रेती टाकली की चिकणमाती तिला घट्ट धरते आणि माती आणखी कडक होते. खरा फरक पडायला अर्ध्याहून जास्त रेती लागते. वरच्या आकाराच्या दहा वाफ्यांसाठी फूटभर खोलीपर्यंत दीड ब्रासहून अधिक! तेवढ्या पैशात कितीतरी वर्षांचं शेणखत येईल.

*तलावाचा गाळ :* २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे गाळ सगळ्यांना माहीत झाला आहे. बरड, हलक्या जमिनीला तो उत्तमच. पण गाळात स्वतःच चिकणमाती भरपूर असते. कन्हार जमिनीत तो टाकून पाण्याचा निचरा सुधारत नाही.

काय लावावे?

पावसाळ्यात गादी वाफ्यावर भेंडी, चवळी, अंबाडी, वांगी. कुंपणावर दोडका, कारली. हिवाळ्यात पोपट, पालक, मेथी, सांभार, भेदरे. लांब मुळा आणि गाजर पहिल्या वर्षी नको, कडक मातीत ते वाकडे होतात. पपई आणि शेवगा उंचवट्यावरच लावा. आणि एका कोपऱ्यात लाखोळी जरूर टाका. धान कापण्याआधी ओल्या बांधीत फेकलेली लाखोळी पुढे पाण्याशिवाय कशी वाढते, हा चिकणमातीच्या ओल धरण्याच्या गुणाचा जिवंत पुरावा आहे.

पालकांना एक विनंती

शाळेला पैसे नकोत. दिवाळीनंतर एक दिवसाचं श्रमदान, बैलगाडीभर शेणखत आणि चार पेंढ्या तणस पुरे. या बागेतली भाजी शालेय पोषण आहारात आपल्याच लेकरांच्या ताटात पडणार आहे. एका वर्षात माती बदलत नाही. दोन-तीन वर्षं दरवर्षी खत आणि आच्छादन दिलं की फरक हाताला कळतो.

आपल्या शाळेत बाटलीची कृती नक्की करून बघा. मुलांना एवढंच कळलं तरी पुष्कळ झालं : आपली माती वाईट नाही, तिला तिच्या वेळेनं हात लावावा लागतो.