रेसकार रखडते कुठे? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरोलीची एमआयडीसी आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत हातकणंगले तालुक्याच्या अंगणात आहेत. अतिग्र्याला विद्यापीठ आहे, इचलकरंजीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कोल्हापूरजवळ हुपरी रस्त्यावर मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. अशा मुलखातल्या पोरांना स्वतःची रेसकार बनवावीशी वाटणं साहजिकच. पण चाचणीचा दिवस तोंडावर येतो, गाडी स्टँडवर बिनचाकांची उभी असते आणि सगळा राग पुरवठादारावर निघतो. या रागामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : शेजारी एवढ्या फौंड्र्या आहेत, पार्ट दोन दिवसांत मिळेल.

इथल्या फौंड्र्या मुख्यतः ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न ओततात, तेही ट्रॅक्टर, ट्रक आणि पंपांसाठी मोठ्या लॉटमध्ये. नवा नग ओतायचा तर आधी पॅटर्न लागतो, आतून पोकळ असेल तर कोअर बॉक्स लागतो. मग साचा, मग त्याच ग्रेडचा धातुरस निघेल त्या दिवसाची वाट, पुढे फेटलिंग आणि मशीनिंग. चार नगांसाठी भट्टीचा चार्ज कुणी बदलत नाही, आणि बदलावा अशी अपेक्षाही रास्त नाही. म्हणून बहुतेक संघ अपराइटसारखे भाग अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून व्हीएमसी मिलिंग मशीनवर कोरून घेतात. तिथेही प्रत्यक्ष कटिंगपेक्षा सेटिंगला जास्त वेळ जाऊ शकतो. ज्या मालकाची मशीन मोठ्या कंपनीच्या महिन्याच्या शेड्यूलवर चालते, तो तुमचे चार नग मधल्या फटीतच घेणार. ती फट कधी मिळेल हे त्यालाही आधी ठाऊक नसतं.

गैरसमज : पुरवठादार तारीख देतो आणि पाळत नाही.

त्याने दिलेली तारीख त्याच्या कामापुरती असते. चाकाचा हब घ्या. गोल बार कापला जातो, लेथवर टर्निंग होतं, नग हार्डनिंगला दुसऱ्या शेडमध्ये जातो. हीट ट्रीटमेंटवाला एका नगासाठी भट्टी पेटवत नाही, त्याच जातीच्या पोलादाचा पुरेसा माल जमेपर्यंत थांबतो. हार्डनिंगमध्ये नग थोडा वाकतो, म्हणून नंतर ग्राइंडिंग करावंच लागतं. चार शेड म्हणजे चार रांगा.

आणि या रांगांहून जास्त वेळ खातं ते अपुरं ड्रॉइंग. पोलाद ईएन-८ की ईएन-२४, हे लिहिलेलं नसतं. बेअरिंगच्या जागेवर ‘४० मिलिमीटर’ एवढंच असतं. बेअरिंग दाबून बसवायचं की सरकतं, याचा टॉलरन्स नसतो. चांगला टर्नर अंदाजाने काम करत नाही, तो नग बाजूला ठेवून फोन करतो. इकडे कॉलेजात परीक्षा चालू असते, फोन उचलला जात नाही. तोवर मशीनवर दुसरं काम चढलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे : शेडमध्ये दिसणारा बराचसा उशीर कॉलेजातल्या टेबलावर सुरू झालेला असतो.

गैरसमज : परदेशी माल सगळं अडवतो.

अनेक संघ वापरतात ते हूजियर कंपनीचे टायर अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातून येतात, हे खरं. पण हा उशीर आधीच माहीत असतो. कस्टम्समध्ये पार्सल अडतं ते बहुधा इन्व्हॉइसवर नुसतं ‘स्पेअर पार्ट’ लिहिल्यामुळे किंवा केवायसी राहिल्यामुळे. उलट इंजिनासाठी परदेश गाठावा लागत नाही. अनेक विद्यार्थी संघ वापरतात ते केटीएम ३९० चं इंजिन बजाजच्या चाकणच्या कारखान्यातलं आहे.

कार्टिंगची गोष्ट वेगळी. रोटॅक्सचं १२५ सीसी इंजिन ऑस्ट्रियातून येतं आणि स्पर्धेसाठी ते सीलबंद असतं. सील तोडून ते उघडण्याचा आणि पुन्हा सील करण्याचा अधिकार फक्त अधिकृत केंद्राला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कितीही हुशार मिस्त्री इथे हात लावू शकत नाही.

जवळचा मालही अडतोच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता.

गैरसमज : जादा पैसे दिले की काम लवकर होतं.

वाहतूक लवकर होते. हार्डनिंगनंतरच्या टेंपरिंगला लागणारे तास कमी होत नाहीत.

गैरसमज : चार दिवस उशीर म्हणजे चारच दिवसांचं नुकसान.

हब नाही म्हणजे चाक नाही, चाक नाही म्हणजे अलाइनमेंट नाही आणि ब्रेकची खरी परीक्षाही नाही. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत चारही चाकं एकदम लॉक झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत. त्याआधी ती ६० अंशांत कलती करून पाहतात, तेव्हा कुठलाही द्रव गळता कामा नये. या दोन्ही चाचण्यांचा सराव चाकं लागल्यावरच. ट्रॅकचा ठरलेला दिवस एकदा हुकला की पुढचा रिकामा दिवस चार दिवसांनीच मिळेल असं नाही. घाईत कुठला तरी बिनप्रमाणपत्राचा सीटबेल्ट किंवा साधी ब्रेक नळी जोडून गाडी बाहेर काढणं हा तर गुन्हाच समजावा.

गैरसमज : मोठ्या संघांत असं घडत नाही.

२०१५ मध्ये फॉर्म्युला वनमधल्या फोर्स इंडिया संघाची नवी गाडी हेरेथच्या चाचणीला मुकली. बार्सिलोनातल्या पहिल्या चाचणीला त्यांनी जुनीच गाडी नेली आणि नवी आली ती शेवटच्या चाचणीला. पुरवठ्यातला विलंब हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. तरी सिल्व्हरस्टोनपासून सुधारित गाडी आणून संघ पाचवा आला. बरेचसे भाग स्वतःच बनवणाऱ्या विल्यम्सची गाडी २०१९ मध्ये पहिल्या चाचणीचे सुमारे अडीच दिवस ट्रॅकवर आलीच नाही. तो संघ त्या वर्षी एका गुणासह शेवटचा आला. म्हणजे सगळं घरात बनवलं तरी उशीर टळतोच असं नाही.

आता आपलं वेळापत्रक पाहा. कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर होणारी विद्यार्थी संघांची फॉर्म्युला भारत स्पर्धा साधारण जानेवारीत असते. त्याआधी दिवाळी येते, शेड बंद राहतात आणि कामगार गावी जातात. तेव्हा मुलांनो, हबचं पूर्ण ड्रॉइंग, पोलादाचा ग्रेड आणि टॉलरन्स लिहून, गणपतीच्या आधी टर्नरच्या हातात द्या आणि त्याच दिवशी हीट ट्रीटमेंटवाल्यालाही भेटून या.