थंडीतली बाळाची ऊब : लोकरीची स्लीप सॅक निवडताना

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर घसरल्याची बातमी आली की घरोघरी तान्ह्या बाळांच्या अंगावर कपड्यांचे थर चढू लागतात. आधी झबले, त्यावर स्वेटर, पायांत मोजे, डोक्याला कुंची, मग दुपट्यात घट्ट गुंडाळी आणि वरून गोधडी. तरीही बाळाचे हात गार लागले म्हणून आजी आणखी एक दुलई पांघरते. रात्री दोन वाजता आई उठून पाहते, तेव्हा बाळाच्या मानेखाली घाम आलेला असतो आणि लाथा मारून मारून गोधडी एक तर पायाशी गेलेली असते, नाही तर तोंडावर आलेली असते.

पायाशी गेली तर बाळ गारठते. तोंडावर आली तर त्याचा श्वास कोंडू शकतो. ही अडचण दूर करण्यासाठी स्लीप सॅक वापरतात. ही बिनबाह्यांची, अंगात घालायची झोपेची पिशवी. मान आणि हात बाहेर, पाय आत मोकळे, समोर किंवा बाजूला चेन. बाळाने कितीही लाथा मारल्या तरी ती निघत नाही आणि तोंडावरही येत नाही. आता मेरिनो लोकरीच्या सॅक आपल्याकडेही ऑनलाइन मिळू लागल्या आहेत. साध्या सुती सॅकपेक्षा त्या बऱ्याच महाग असतात. त्यामुळे पैसे मोजण्याआधी आपल्या बाळाला नेमकी किती ऊब लागते, हे समजून घेतलेले बरे.

बाळ लवकर का गारठते?

बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा बरेच जास्त असते. म्हणजे उष्णता बाहेर पडायला जागा जास्त आणि ती तयार करणारे शरीर लहान. मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो आणि स्नायूंच्या त्या हालचालीतून उष्णता तयार होते. नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याची सोय निसर्गाने वेगळी केली आहे. मानेभोवती, खांद्याच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती त्याच्याकडे तपकिरी चरबीचा साठा असतो. ही चरबी जाळून ते शरीर गरम ठेवते. वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाकडे हा साठा फारच थोडा असतो.

नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते याखाली जाऊ लागले की बाळाची शक्ती ऊब राखण्यातच खर्च होते. ते दूध नीट ओढत नाही, मलूल होते आणि वजन वाढणे मंदावते.

उबदार पिशवीचे महत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जात, बाळाचे वजन आणि तापमान पाहत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत. कमी वजनाच्या बाळांना ऊब देण्यासाठी कापडी पिशवीही वापरली जाई. या सगळ्या उपायांचा मिळून परिणाम असा झाला की तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अशक्त, इवल्याशा बाळासाठी थंडी हा खरा शत्रू असतो, ही आजीची भीती अनुभवातून आलेली आहे.

ऊब जास्त झाली तर?

पण पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे, तीन महिन्यांचे बाळ शहरातल्या बंद खोलीत झोपलेले असेल, तर गणित बदलते. अशा बाळाला गारठ्यापेक्षा अति ऊब आणि चेहऱ्यावर येणारे पांघरूण यांचा धोका अधिक असतो.

निरोगी दिसणाऱ्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होणे, याला ‘सिड्स’ म्हणतात. याची सर्व कारणे अजून उलगडलेली नाहीत. पण कोणत्या गोष्टींनी धोका वाढतो, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. पालथे झोपवणे हे त्यातले सर्वांत मोठे कारण. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये आणि अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. घरातले धूम्रपान, अति ऊब आणि झाकलेले डोके ही आणखी काही कारणे. २००८ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात सिड्सने दगावलेल्या बाळांपैकी सुमारे एक चतुर्थांश बाळांचे डोके पांघरुणाने झाकलेले आढळले होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतर बाळांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते.

बाळ अंगातली जास्तीची उष्णता मुख्यतः डोके आणि चेहऱ्यावाटे बाहेर टाकते. त्यामुळे रुग्णालयातले पहिले काही तास किंवा कमी वजनाचे बाळ वगळता, घरात झोपताना कुंची-टोपडे घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. सकाळच्या गारव्यात बाहेर नेताना कुंची जरूर घालावी. घरात झोपवताना काढावी.

बातमीतला पारा नव्हे, खोलीतला

स्लीप सॅकच्या लेबलवर बहुधा ‘टॉग’ हा आकडा असतो. कापड उष्णतेला किती अडवते, याचे हे माप. १९४० च्या दशकात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये ते तयार झाले. आकडा जितका मोठा तितकी ऊब जास्त. सर्वसाधारण हिशेब असा : खोली २४ ते २७ अंशांची असेल तर अर्धा टॉग, २० ते २४ ला एक टॉग आणि १६ ते २० ला अडीच टॉग. साडेतीन टॉगची सॅक १६ अंशांखालच्या खोलीसाठी असते.

इथे बहुतेकांची गफलत होते. बातमीतला पारा उघड्या शेतावरचा असतो. बाळ झोपते ते चार भिंतींच्या आत. मुंबई-ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये जानेवारीतही बंद खोली साधारण २२-२५ अंशांवर राहते. तिथे अडीच टॉगची जाड सॅक बाळाला घामाने भिजवेल. अर्धा ते एक टॉग पुरे. नाशिक, पुणे, नागपूरकडच्या पक्क्या घरांत पहाटे खोली १६ ते २० अंशांवर येऊ शकते. तिथे अडीच टॉग आणि आत पूर्ण बाह्यांचे सुती झबले, सुती पायजमा एवढे योग्य. पत्र्याच्या घरात किंवा महाबळेश्वरसारख्या ठिकाणी खोली त्याहूनही गार होते. तिथे आधी फटी बुजवाव्यात, बाळाची जागा खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर घ्यावी. परदेशात हीटर लावलेल्या घरात राहणाऱ्या नातवंडासाठी इकडून जाड सॅक नेणाऱ्या आजी-आजोबांनीही आधी तिथल्या खोलीचे तापमान विचारावे. बाहेर बर्फ असला तरी आतली खोली २०-२२ अंशांची असू शकते.

काहीशे रुपयांत मिळणारा खोलीचा तापमापक घेऊन तो पहाटे चार-पाचच्या सुमारास दोन-तीन दिवस पाहिला, तर कोणती सॅक घ्यावी हा प्रश्न निम्मा सुटतो. कोळशाची शेगडी किंवा धुरी हा मात्र खोली गरम करण्याचा मार्ग नव्हे. बंद खोलीत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो जीव घेऊ शकतो.

आपल्याकडे बाळ बहुधा आईच्या कुशीत झोपते. आईच्या अंगाची ऊब बाळाला मिळतच असते, म्हणून तेव्हा एक पायरी हलकी सॅक निवडावी आणि आईच्या गोधडीत बाळाला घेऊ नये. बाळ जवळ, पण स्वतंत्र पाळण्यात किंवा सपाट अंथरुणावर उताणे, हे अधिक सुरक्षित. आई-वडिलांपैकी कोणी धूम्रपान करत असेल किंवा मद्य घेतले असेल, तर एका अंथरुणात झोपवूच नये.

लोकरीत असे काय आहे?

लोकरीचा तंतू सरळ नसतो, नागमोडी असतो. त्या वळणांत हवा अडकते आणि अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. पण ऊब तर जाड कापसाची दुलईही देते. लोकरीचे खरे वैशिष्ट्य ओलाव्याशी आहे. स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश इतकी वाफ ती शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. बाळाला घाम आला तर तो त्वचेजवळ साचून राहत नाही. कापूसही घाम शोषतो. पण भिजला की अंगाला चिकटतो आणि गार पडतो. म्हणून रात्री खोलीचे तापमान वर-खाली होत असेल तर लोकर ते अधिक सावरून घेते. याचा अर्थ ‘एकच सॅक बाराही महिने’ हा जाहिरातीतला दावा महाराष्ट्राच्या उन्हाळ्यातही खरा ठरेल, असा नाही.

आपल्याकडे एक फसगत हमखास होते. विणकामासाठी दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही गुंड्याला आपण लोकरच म्हणतो. प्रत्यक्षात त्यातले बरेच धागे अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचे असतात. अ‍ॅक्रिलिक उबदार असते, पण घाम जवळजवळ शोषत नाही. त्यामुळे लेबलवर ‘१०० टक्के लोकर’ किंवा ‘१०० टक्के मेरिनो’ असे लिहिले आहे का, ते पाहावे. अस्तर आणि आतले भरण कशाचे आहे, तेही वाचावे. बाहेर मेरिनो आणि आत पॉलिस्टरचे भरण असेल, तर जास्तीचे पैसे केवळ नावाचे जातात.

लोकर टोचते, ही तक्रार खरी आहे. पण ती तंतूच्या जाडीवर अवलंबून असते. ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू त्वचेला टोचतात. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे घोंगडे राकट असते ते यामुळेच. मेंढपाळाच्या खांद्यावर ते शोभते, बाळाच्या अंगाला नाही. अतितलम मेरिनोचा तंतू मात्र १८-१९ मायक्रॉनच्या आत असतो. मेलबर्नमध्ये झालेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. इसब असलेल्या तीन वर्षांखालच्या ३९ मुलांना काही आठवडे अतितलम मेरिनोचे आणि काही आठवडे सुती कपडे घातले होते. मेरिनो असताना इसब कमी झालेले आढळले. चाचणी लहान होती, पण ‘लोकर म्हणजे पुरळ’ हा समज सरसकट खरा नाही, एवढे त्यातून दिसते. शंका असेल तर आत पातळ सुती झबले असतेच.

घालून पाहताना

सॅकची निवड बाळाच्या वजनावरून आणि उंचीवरून करावी. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेण्याची आपली सवय इथे धोक्याची ठरते. गळा मोठा असेल तर बाळ आत सरकते आणि त्याचे डोके झाकले जाते. चेन लावल्यावर गळ्यापाशी मोठ्या माणसाची एक-दोन बोटे जातील एवढीच जागा असावी. काखेखालीही कापड सैल नसावे. खाली मात्र भरपूर घेर हवा. पाय बेडकासारखे दुमडून बाहेरच्या बाजूला पसरणे खुब्याच्या सांध्याच्या वाढीसाठी चांगले असते. सॅकला टोपी, नाडी, सुटी बटणे नसावीत. वजन भरलेल्या सॅक टाळाव्यात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले आहे. सॅकवर पुन्हा गोधडी घालायची नाही. बाळ कुशीवर वळू लागले की हात बांधणारी दुपट्याची गुंडाळीही बंद करायची. हात मोकळे असतील तरच पालथे झालेले बाळ डोके उचलू शकते.

लोकरीची सॅक रोज धुवावी लागत नाही. हवेशीर जागी पसरली तरी वास जातो. धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण किंवा रिठा वापरावा, पिळू नये आणि सावलीत सपाट वाळवावी. थंडी सरल्यावर कपाटात ठेवताना त्यात डांबरगोळ्या टाकू नयेत. त्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफेमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता अनेकदा आधी माहीतही नसते. स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवलेली लोकर कसरीपासून सुरक्षित राहते.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी सॅक विकत घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत कोणत्याही लोकरीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

बाळाला ऊब पुरेशी आहे का, हे हातापायांवरून ठरवू नये. निरोगी बाळाचे तळहात-तळपायही गार लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावा. तिथे त्वचा कोमट आणि कोरडी असेल, तर सॅक योग्य आहे. तिथे घाम असेल किंवा चेहरा लाल झाला असेल, तर एक थर लगेच कमी करावा. छातीही गार लागत असेल आणि बाळ दूध ओढत नसेल, तर त्याला छातीशी कवटाळून थेट डॉक्टरांकडे न्यावे.